रजोनिवृत्ती आणि पारंपरिक चिनी औषधपद्धती

पाळी जायच्या वयात अंगातून गरम वाफा (हॉट फ्लॅशेस) येतात, रात्री घामाने जाग येते, झोप उडते, उगाच रडू येतं, हे सगळं पारंपरिक चिनी वैद्यकात एकाच आजारात मोडत नाही. वैद्य आधी नाडी आणि जीभ बघतो, थंडी वाजते का, तहान कशी लागते, झोप कधी मोडते वगैरे विचारतो आणि मग औषध ठरवतो, त्यामुळे एकाच वयाच्या दोन मैत्रिणींना अगदी उलट काढे मिळू शकतात.

यामागचा विचार जुना आहे. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'हुआंगदी नेइजिंग' या ग्रंथात बाईचं आयुष्य सात-सात वर्षांच्या टप्प्यांत मांडलंय, ७ व्या वर्षी दुधाचे दात पडतात, १४ व्या वर्षी पाळी सुरू होते आणि ४९ ला थांबते (पुरुषांचे टप्पे आठ-आठ वर्षांचे). हे सगळं किडनीच्या शक्तीवर चालतं असं तिथे मानतात, पण ही किडनी म्हणजे फक्त लघवी तयार करणारा अवयव नव्हे, तर जन्मापासूनची ताकद, हाडं, केस, प्रजनन सगळं तिच्याकडे. वयानुसार ती शक्ती ओसरणं नैसर्गिकच मानलंय, आणि मला वाटतं घाबरलेल्या बाईला एवढं ऐकूनही धीर येतो.

शक्ती कशी ओसरते यावर लक्षणं ठरतात. थंडावा देणारं यिन कमी पडलं की हॉट फ्लॅशेस, रात्रीचा घाम, तळहात-तळपायांची आग, जीभ लाल. ऊब देणारं यांग कमी पडलं की थंडी, थकवा, कंबरदुखी, पायांवर सूज. पुष्कळदा दोन्ही एकत्र असतात, शिवाय चिडचिड आणि छातीतलं दडपण लिव्हरच्या खात्यात जातं.

यिनसाठी 'लिऊ वेइ दी हुआंग वान' ही सहा औषधांची गोळी खूप चालते, गंमत म्हणजे ती साधारण नऊशे वर्षांपूर्वी, सोंग राजघराण्याच्या काळात, छ्येन यी नावाच्या बालवैद्याने मुलांसाठी बनवली होती! उष्णता जास्त असेल तर त्यात जी मू आणि हुआंग बाई ही दोन थंड औषधं घालतात. रडू आवरत नसेल तर ज्येष्ठमध, गहू आणि चिनी खजुराचा (लाल बोराचा) काढा, हा त्याहूनही जुना, हान राजघराण्याच्या काळातल्या जांग जोंगजिंग या वैद्याचा. पण खास मेनोपॉजसाठी म्हणून ओळखला जाणारा 'अर श्येन थांग' बराच अलीकडचा, १९५० च्या दशकात शांघायमध्ये तयार झाला. त्यातली तीन औषधं ऊब देतात, दोन उष्णता उतरवतात आणि दांग ग्वेइ नावाची मुळी रक्ताचं पोषण करते, म्हणजे यिन-यांग दोन्ही ढासळलेल्या बाईसाठी तो बरोबर बसतो. या काढ्यातलं पहिलं औषध श्येन माओ म्हणजे आपली काळी मुसळी, पावसाळ्यात सह्याद्रीत जमिनीलगत पिवळी फुलं येतात तीच. चिनी वैद्य तिला थोडी विषारी समजतात आणि जास्त दिवस देत नाहीत.

आता उपयोग किती होतो? १९९७ च्या एका अमेरिकन चाचणीत ७१ बायकांवर नुसतं दांग ग्वेइ २४ आठवडे वापरून पाहिलं, नकली गोळीपेक्षा काही फरक पडला नाही. चिनी वैद्यांचं म्हणणं की आम्ही ते एकटं कधी देतच नाही, आणि ते खरंय, पण मिश्रणांचेही ठोस पुरावे अजून कमीच आहेत. ॲक्युपंक्चरचं तसंच, २०१६ च्या ऑस्ट्रेलियन चाचणीत ३२७ बायका होत्या, खऱ्या सुया आणि खोट्या सुया दोन्ही गटांत हॉट फ्लॅशेसचा त्रास साधारण ४० टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे बायकांना बरं वाटलं हे नक्की, पण ते सुई टोचल्यामुळे असं म्हणता येत नाही.

औषधं झाडपाल्याची म्हणून बिनधास्त घेऊ नयेत. दांग ग्वेइमुळे वॉरफरिन (रक्त पातळ करणारं औषध) घेणाऱ्यांना रक्तस्राव होऊ शकतो, ज्येष्ठमध जास्त दिवस घेतलं तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं, केस काळे राहावेत म्हणून घेतात त्या 'हे शौ वू' नावाच्या औषधाने लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस आहेत. ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलेल्यांनी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही सुरू करू नये. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर कुठलाही काढा न घेता आधी स्त्रीरोगतज्ज्ञाकडून तपासून घ्यायचं.