नागपूरचं विधान भवन १९६० नंतरचं नाही

डिसेंबर आला की यवतमाळकडच्या गावांत पारावर एक गोष्ट हमखास निघते: महाराष्ट्र झाला, विदर्भाची समजूत काढायला मुंबईवाल्यांनी नागपुरात अधिवेशनापुरती इमारत बांधून दिली. मोर्चाला एसटीनं जाऊन आलेले शेतकरीही तेच सांगतात.

हे खरं नाही. झिरो माईल या अंतर मोजायच्या जुन्या खांबाच्या चार घोड्यांजवळ उभी असलेली ही इमारत इंग्रजांच्या काळातली आहे. नागपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होतं. स्वातंत्र्यानंतर ते मध्य प्रदेशाची राजधानी झालं. मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल इथूनच राज्य चालवत. १ नोव्हेंबर १९५६ ला राजधानी भोपाळला गेली आणि विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले.

मग महाराष्ट्रानं दिलं काय? दरवर्षीचं एक अधिवेशन, तेही विदर्भानं मराठी राज्यात यावं म्हणून नेत्यांनी केलेल्या १९५३ च्या नागपूर कराराच्या शब्दाखातर. मुंबईत नरिमन पॉइंटला दिसतं ते विधान भवन तर १९८१ चं. त्याआधी तिथलं कामकाज खलाशांसाठी बांधलेल्या जुन्या इमारतीत चालायचं. आपल्या पोरांना हे नीट सांगा. राजधानीपण आपण गमावलं होतं, इमारत कुणी दान दिली नव्हती.