अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरला साजेसा सीडी प्लेअर कसा निवडावा : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

घरी चांगला अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर आहेत, कपाटभर सीडी जपून ठेवलेल्या आहेत, पण जुन्या प्लेअरने मान टाकली आहे, अशा वेळी नवा प्लेअर कोणता घ्यावा हे विचारण्यासाठी अनेक ग्राहक आमच्याकडे येतात. त्यांचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो की, आमच्या स्पीकरला कोणता प्लेअर शोभेल. या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करणे आम्हाला आवश्यक वाटते. सीडी प्लेअरचा स्पीकरशी थेट संबंध येत नाही. प्लेअरची गाठ पडते ती अ‍ॅम्प्लिफायरशी, आणि स्पीकर चालवण्याचे काम अ‍ॅम्प्लिफायर करतो. म्हणून निवडीची सुरुवात दुकानातल्या प्लेअरच्या रांगेपासून न करता घरातल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या बाजूपासून करावी.

अ‍ॅम्प्लिफायरची मागची बाजू

आपल्या अ‍ॅम्प्लिफायरला ‘कोअ‍ॅक्सियल’ किंवा ‘ऑप्टिकल’ असे लिहिलेले डिजिटल इनपुट आहे का, हे सर्वप्रथम पाहावे. मरँट्झ पीएम ६००७ सारख्या अलीकडच्या मॉडेलमध्ये ही दोन्ही प्रकारची इनपुट असतात, म्हणजेच डिजिटल आकड्यांचे ध्वनिसंकेतात रूपांतर करणारा डॅक अ‍ॅम्प्लिफायरमध्येच बसवलेला असतो. तसे असेल तर प्लेअरमधल्या डॅकसाठी वेगळे पैसे मोजण्याचे कारण उरत नाही. सीडीवर डाव्या आणि उजव्या अशा प्रत्येक बाजूच्या आवाजाचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने साठवलेले असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटचा असतो. चकती सुस्थितीत असेल तर साधा प्लेअर आणि महागडा प्लेअर डिजिटल आउटपुटमधून हेच आकडे जसेच्या तसे बाहेर देतात. अशा ग्राहकांनी केवळ चकती वाचणारे यंत्र, म्हणजे ट्रान्सपोर्ट, घेतले तरी पुरते. केंब्रिज ऑडिओचे सीएक्ससी आणि ऑडिओलॅबचे ६०००सीडीटी ही याच प्रकारची यंत्रे असून त्यांना अ‍ॅनलॉग आउटपुटच नसते, त्यामुळे डॅक नसलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला ती जोडता येत नाहीत. घरात पडून असलेला डीव्हीडी प्लेअरही कोअ‍ॅक्सियल आउटपुट असल्यास हे काम करू शकतो. मात्र बऱ्याच मॉडेलमध्ये गाण्याचा क्रमांक पाहण्यासाठी टीव्ही सुरू करावा लागतो, आणि रोज ऐकणाऱ्याला त्याचा लवकरच कंटाळा येतो.

अ‍ॅम्प्लिफायर जुना असेल आणि त्याला फक्त लाल-पांढरी आरसीए इनपुट असतील, तर पूर्ण प्लेअर घ्यावा आणि तो ‘सीडी’, ‘ऑक्स’ किंवा ‘ट्यूनर’ अशा कोणत्याही लाइन इनपुटला जोडावा. ‘फोनो’ इनपुटला मात्र तो कधीही जोडू नये. ते इनपुट रेकॉर्ड प्लेअरच्या सुईतून येणाऱ्या काही मिलीव्होल्टच्या संकेतासाठी असते. सीडी प्लेअरचा संकेत त्याच्या सुमारे चारशेपट असतो, शिवाय फोनो विभाग खर्ज मुद्दाम वाढवतो आणि तारस्वर मुद्दाम दाबतो. आवाज फाटून, बदबद असा येतो आणि स्पीकरलाही धोका पोहोचतो.

व्होल्टेजचा मेळ

प्लेअर आणि अ‍ॅम्प्लिफायर जुळणे म्हणजे नेमके काय, हे समजून घेण्यासाठी या भागाकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे, अशी आमची विनंती आहे. सीडी प्लेअर ऑक्टोबर १९८२ मध्ये प्रथम जपानच्या बाजारात आला. त्याआधीचे ट्यूनर आणि कॅसेट डेक यांचा संकेत साधारणपणे अर्ध्या व्होल्टच्या आत असे, आणि त्या काळातले अ‍ॅम्प्लिफायर तेवढ्याच संकेतावर पूर्ण ताकद देतील अशा बेताने बनवलेले असत. सीडी प्लेअरचे कमाल आउटपुट मात्र २ व्होल्टच्या आसपास ठरले, आणि आजही बहुतेक कंपन्या तीच प्रथा पाळतात.

१९७८ सालच्या एनएडी ३०२० सारखा, दर बाजूला २० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर आजही काही घरांत उत्तम चालतो. अशा अ‍ॅम्प्लिफायरला पूर्ण ताकदीसाठी १५० मिलीव्होल्टच्या आसपास संकेत पुरतो असे धरले, तर २ व्होल्टचा संकेत त्याच्या तेरापट, म्हणजे सुमारे साडेबावीस डेसिबलने जास्त ठरतो. परिणाम असा होतो की व्हॉल्यूमचे बटण घड्याळाच्या आठ-नऊच्या जागेवर येते न येते तोच खोली दणाणून जाते आणि रात्री हळू आवाजात ऐकायचे म्हटले तर बटण केसभर हलवावे लागते. बटणाच्या अगदी सुरुवातीच्या भागात डाव्या आणि उजव्या बाजूचा आवाज सारखा नसणे हाही अनेक जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचा दोष असतो, त्यामुळे गायकाचा आवाज मधोमध न येता एकीकडे सरकतो. ग्राहक याला प्लेअरचा किंवा स्पीकरचा दोष समजतात आणि नाहक खर्चात पडतात. यावर उपाय स्वस्त आहे. आउटपुट कमी-जास्त करता येईल असा प्लेअर निवडावा, किंवा दोन्ही वायरींच्या टोकाला संकेत १० ते १२ डेसिबलने कमी करणारे छोटे अ‍ॅटेन्युएटर लावावेत.

इम्पीडन्सबद्दल, म्हणजे संकेताला होणाऱ्या विद्युत अडथळ्याबद्दल, फारशी काळजी करण्याचे कारण नाही. प्लेअरच्या आउटपुटच्या निदान दहापट अ‍ॅम्प्लिफायरचे इनपुट असावे एवढा नियम पुरेसा आहे, आणि काही शे ओहमचा प्लेअर आणि १० हजार ओहम किंवा त्याहून अधिकचा अ‍ॅम्प्लिफायर या जोडीत तो सहज पाळला जातो. व्हॉल्व्हचे, म्हणजे जुन्या पद्धतीच्या काचेच्या नळ्यांचे, आउटपुट असलेला प्लेअर घेणार असाल तेवढ्यापुरते हे आकडे तपासून घ्यावेत.

स्पीकर आणि आवाजाचा पोत

आपले स्पीकर तीक्ष्ण वाजतात म्हणून गोड आवाजाचा प्लेअर द्या, अशी मागणी अनेकदा होते, आणि तिच्यामागची भावना आम्ही समजू शकतो. तरीही प्रामाणिकपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे की बऱ्या दर्जाच्या सीडी प्लेअरमध्ये ऐकू येणाऱ्या संपूर्ण पट्ट्यात फरक असतो तो डेसिबलच्या अंशांचा, तर स्पीकर आणि खोली यांच्यामुळे पडणारा फरक कित्येक डेसिबलचा असतो. स्पीकर भिंतीपासून फूटभर पुढे घेणे, समोरच्या उघड्या फरशीवर सतरंजी घालणे, काचेच्या खिडकीवर जाड पडदा सोडणे, यांनी जे साधते ते प्लेअर बदलून साधत नाही. एकूण रकमेतला मोठा वाटा स्पीकरसाठीच राखावा. स्पीकरपेक्षा महाग प्लेअर मागणाऱ्या ग्राहकाला आम्ही आधी स्पीकर बदलण्याचा सल्ला देतो.

दोन प्लेअरची तुलना करायची असेल तर दोन्हींचा आवाज आधी समान पातळीवर आणला पाहिजे. एक प्लेअर २.० व्होल्ट आणि दुसरा २.३ व्होल्ट देत असेल, तर दुसरा सव्वा डेसिबलच्या आसपास मोठा वाजतो. एवढा फरक मोठेपणा म्हणून जाणवत नाही, तो अधिक खुला, अधिक जिवंत आवाज म्हणून जाणवतो, आणि ग्राहक त्यालाच दर्जा समजतो. आमच्याकडे तुलना करताना १ किलोहर्ट्झचा सूर वाजवून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावला जातो आणि दोन्ही प्लेअरचे वाचन एक टक्क्याच्या आत जुळवले जाते. त्यानंतर कोणता प्लेअर चालू आहे हे न सांगता ऐकवले जाते. अशा ऐकण्यासाठी मोठ्या वाद्यवृंदापेक्षा ख्यालाची सुरुवात अधिक उपयोगी पडते, कारण नुसता तानपुरा चालू असताना आणि पहिला षड्ज लागण्याआधीच्या शांततेत वीजपुरवठ्याची घरघर, मोटरची कुरकुर आणि पार्श्वभूमीतला सूसू आवाज लपत नाही. हे दोष ९० डेसिबलपेक्षा जास्त संवेदनशीलता असलेल्या, म्हणजे थोड्या ताकदीतही मोठे वाजणाऱ्या, स्पीकरवर विशेष जाणवतात. आपले स्पीकर तसे असतील तर कमी नॉइजचा प्लेअर निवडण्यासाठी थोडे अधिक पैसे खर्च करणे योग्य ठरेल.

चकती वाचणारी यंत्रणा

आमच्या मते प्लेअरची खरी पारख इथे होते, कारण डॅकमध्ये हलणारे भाग नसल्याने तो सहसा बिघडत नाही, आणि दुरुस्तीला येणाऱ्या प्लेअरमध्ये बहुधा एकतर लेन्स गेलेली असते, नाहीतर ट्रेचा रबरी बेल्ट सैल झालेला असतो. म्हणून ज्या मॉडेलचा पिकअप (लेन्स आणि लेसरचा भाग) आणि बेल्ट बाजारात मिळतो तेच मॉडेल घ्यावे. वापरलेला प्लेअर घेताना ७० मिनिटांहून मोठी चकती लावून तिचे शेवटचे गाणे पूर्ण ऐकावे. सीडी आतून बाहेर वाचली जाते, सुरुवातीला मिनिटाला सुमारे ५०० आणि शेवटी सुमारे २०० फेरे या वेगाने, आणि चकती वाकडी असेल किंवा लेन्स थकलेली असेल तर ती अडखळते ती बाहेरच्या कडेलाच. घरी बनवलेली सीडी-आरही लावून पाहावी. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू छापील चकतीच्या मानाने फारच कमी प्रकाश परत पाठवते, त्यामुळे अनेक जुने प्लेअर ती वाचत नाहीत. हा बिघाड नसून मूळ मर्यादा आहे. थकलेल्या लेसरचा करंट वाढवून प्लेअर विकण्याची वाईट पद्धत काही ठिकाणी आहे. असा प्लेअर दुकानात झकास चालतो आणि घरी आणल्यावर थोड्याच काळात कायमचा बंद पडतो.

चकती पुसताना मऊ कापड मध्यापासून कडेकडे सरळ फिरवावे, गोल फिरवू नये. ट्रॅकला आडवा जाणारा ओरखडा त्रुटी-दुरुस्तीची व्यवस्था सहज भरून काढते, कारण सलग अडीच मिलिमीटरपर्यंतचा तुटलेला भाग ती पूर्णपणे परत मिळवू शकते. ट्रॅकच्या दिशेने गेलेला लांब ओरखडा मात्र तिच्या आवाक्याबाहेर जातो. छापील नावाची बाजू विशेष जपावी. चमकणारा धातूचा थर त्याच बाजूला, पातळ लाखेच्या लगेच खाली असतो, आणि तिथला ओरखडा दुरुस्त होत नाही.

वीज आणि दमट हवा

जपानमधून आलेले वापरलेले प्लेअर दिसायला देखणे आणि भावाला स्वस्त असतात, परंतु तिथली घरगुती वीज १०० व्होल्टची आहे. आपल्याकडच्या २३० व्होल्टला असा प्लेअर थेट जोडल्यास तो जळतो. मागच्या पट्टीवरचा आकडा वाचल्याशिवाय प्लग लावू नये. १०० व्होल्टच्या प्लेअरला १०० व्होल्ट देणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि प्लेअर फार वीज खात नसल्याने १०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर पुरेसा होतो. अमेरिकेतल्या प्लेअरसाठी तो १२० व्होल्टचा असावा.

कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरते आणि जोडण्यांवर काळपट थर येतो. प्लेअर महिनोन्‌महिने बंद ठेवण्यापेक्षा आठवड्यातून एकदा तासभर चालवावा, आणि चकत्यांच्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी वाळवाव्यात. प्लेअर तापणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवू नये. सेट-टॉप बॉक्स जोडल्यावर स्पीकरमधून घूं असा आवाज येऊ लागला तर प्लेअरला दोष देण्याआधी केबल टीव्हीची वायर काढून पाहावी. आवाज थांबला तर दोष अर्थिंगच्या वेटोळ्याचा, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या विजेचा, असतो, आणि डिजिटल इनपुट असलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला सेट-टॉप बॉक्सचा आवाज ऑप्टिकल वायरने दिल्यास अनेकदा तो सुटतो.

आमच्याकडे येताना

अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या बाजूचा आणि स्पीकरच्या मागच्या पट्टीचा स्पष्ट फोटो मोबाइलमध्ये घेऊन यावा. सोबत आपल्या रोजच्या ऐकण्यातल्या दोन-तीन सीडी आणि घरी बनवलेली एक तरी सीडी-आर आणावी. अ‍ॅम्प्लिफायर उचलून आणणे शक्य असेल तर आधी कळवून आणावा, म्हणजे व्होल्टेजचे मोजमाप आपल्यासमोर करून दाखवता येईल आणि निवडलेला प्लेअर आपल्याच अ‍ॅम्प्लिफायरवर ऐकता येईल.