बांबोळी किती दूर?

गोव्यात माणूस अत्यवस्थ झाला की घरातल्यांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो 'गोमेकॉ', म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. पोर्तुगीजांनी 1842 साली पणजीत काढलेल्या वैद्यकीय शाळेचे मुक्तीनंतर, 1963 मध्ये, गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले आणि पुढे ते पणजीजवळच्या बांबोळीच्या पठारावर गेले. परंपरा एवढी जुनी. पण रुग्ण तिथवर वेळेत पोचणे ही वेगळी गोष्ट. वाटेत मांडवी आणि जुवारी या नद्या होत्या.

मांडवीवर पहिला पूल झाला 1970 मध्ये, जुवारीवर 1983 मध्ये. त्याआधी फेरीबोट पलीकडच्या धक्क्याला लागलेली असली, तर अलीकडे रुग्णाला घेऊन वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसे. 5 जुलै 1986 रोजी मांडवीचा पूल ऐन पावसाळ्यात कोसळला आणि बारदेश-पेडण्याच्या लोकांवर पुन्हा तीच पाळी आली. दुसरा पूल खुला व्हायला 1992 उजाडले. त्या वर्षांची आठवण लोक वाहतुकीची गैरसोय म्हणून सांगतात. मला ती आधी आरोग्याची गोष्ट वाटते.

अपघातातल्या जखमीवर पोलिसी सोपस्कारांची वाट न पाहता उपचार करा, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये बजावले. पण जखमीला आणणार कोण? शेजाऱ्याची गाडी, नाहीतर टॅक्सी. 108 रुग्णवाहिका गोव्यात 2008 मध्ये आली, तेव्हा कुठे प्राणवायू आणि प्रशिक्षित माणूस दारापर्यंत आला. अरुंद वाड्यांसाठी पुढे दुचाकी रुग्णवाहिकाही आल्या.

खरा बदल मात्र हृदयविकाराच्या बाबतीत झाला. 2018 मध्ये सुरू झालेल्या योजनेत गावाजवळच्या आरोग्य केंद्रातच ईसीजी काढतात, तो गोमेकॉतले हृदयरोगतज्ज्ञ पाहतात आणि रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथल्या तिथे देता येते. रक्तपुरवठा तुटला की हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत जातो. म्हणून रुग्ण बांबोळीला पोचण्याआधी उपचार रुग्णापर्यंत पोचणे, हेच मला मोलाचे वाटते.

बांबोळीची वाट फक्त गोवेकरांची नाही. सावंतवाडी, बांदा, दोडामार्ग इथल्या रुग्णांनाही तीच जवळची. 2018 मध्ये परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागले तेव्हा दोडामार्गात लोक रस्त्यावर उतरले, ते उगाच नव्हे.

काणकोणच्या रुग्णाला मडगावचे जिल्हा रुग्णालय गाठायचे तर सुमारे 35 किलोमीटर जावे लागते, वाटेत करमल घाट. आणि दिवाडी बेटाला आजही पूल नाही. रुग्णवाहिका फेरीबोटीतूनच नदी ओलांडते.