पांढऱ्या पोटाचा सी हॅरियर: एका मोठ्या प्रतिकृतीची पार्श्वभूमी

सी हॅरियर हे भारतीय नौदलाचे जुने लढाऊ विमान १४.५ मीटर लांब. प्रतिकृती एकास चोवीस प्रमाणाची, म्हणून २४ ने भागले की ६० सेंटीमीटर उरतात, आणि पंखांची रुंदी तर ३२ सेंटीमीटरच. तरीही गोव्यात वास्कोच्या घरात ही प्रतिकृती जेवणाच्या टेबलावर ठेवली की ताटाला जागा राहत नाही. येणारा प्रत्येक जण आधी शेपटीवरचा वाघ कुठे आहे ते विचारतो, मग खाली वाकतो आणि म्हणतो, पोट पांढरे कसे? इथल्या दाबोळी विमानतळाच्या आकाशात बत्तीस वर्षे ही विमाने कानठळ्या बसवत फिरली. आम्ही ती मान वर करून पाहिली आहेत आणि बहुतेकांच्या आठवणीत ती करडीच आहेत.

पांढरे पोट बरोबर आहे, पण ठरावीक वर्षांपुरतेच. ती वर्षे कोणती हे सांगायचे तर आधी विमाने लहान करण्याच्या छंदाकडे आणि मग रंगाकडे यावे लागते.

विमानांच्या प्रतिकृतींचे सगळ्यांत रुळलेले प्रमाण एकास बहात्तर. त्याचे मूळ इंग्रजी मापांत आहे: एक इंच म्हणजे सहा फूट, साधारण एका उंच माणसाएवढे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये ‘स्कायबर्ड्स’ या नावाने लाकडी संच निघाले ते याच मापाचे. १९३६ मध्ये ‘फ्रॉग’ कंपनीने प्लास्टिकचे संच आणले आणि त्या मालिकेला ‘पेंग्विन’ नाव दिले. न उडणारा पक्षी, म्हणून. तोवर मॉडेल विमान म्हटले की ते उडणारेच असायचे, त्यामुळे नुसते पाहण्यासाठी बनवलेल्या विमानाला वेगळे नाव देण्याची गरज त्यांना वाटली.

पुढे महायुद्ध आले आणि छंदाला काम मिळाले. १९४२ च्या आरंभी अमेरिकेच्या नौदलाने शाळांतल्या मुलांकडे पाच लाख प्रतिकृती मागितल्या: पन्नास प्रकारची विमाने, प्रत्येकी दहा हजार. मुलांनी त्या लाकडाच्या कोरल्या आणि काळ्या रंगवल्या, कारण तोफेवर बसणाऱ्या माणसाला शत्रूचे विमान ओळखायचे असते ते आकारावरून. ३५ फुटांवर धरलेले एकास बहात्तरचे विमान जेवढे दिसते, तेवढेच खरे विमान अर्ध्या मैलाच्या जरा अलीकडे असताना दिसते. सराव घरबसल्या होई. माझ्या मते या छंदाच्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रसंग आहे, कारण ‘साधारण तसे दिसते’ एवढ्यावर भागत नाही हे तिथे पक्के ठरले. आकार चुकला तर तोफ आपल्याच माणसावर चालली असती.

युद्धानंतर पॉलिस्टायरीन आले. पोलादी साच्यात वितळलेले प्लास्टिक दाबून भरायचे, सुटे भाग फांदीसारख्या चौकटीला लटकलेले बाहेर काढायचे. याचा गोंद खरे म्हणजे गोंद नसतोच. तो प्लास्टिक विरघळवतो आणि दोन कडा एकमेकींत वितळून जुळतात, म्हणून नीट जुळलेला सांधा घासून काढला की दिसत नाही. पन्नासच्या दशकात ‘एअरफिक्स’ कंपनीचे स्पिटफायर हे लढाऊ विमान वूलवर्थच्या दुकानात दोन शिलिंगांना मिळू लागले आणि विमान बांधणे हा पोरांचा खेळ झाला. हल शहरात १९१९ पासून तेलाचा व्यापार करणारी कंपनी ‘हंब्रोल’ या नावाने छोट्या डब्यांतला इनॅमल रंग विकू लागली. रंग आता प्रत्येकाच्या हातात आला, आणि चुकाही.

मोठे प्रमाण उशिरा आले. एकास बत्तीसची विमाने साठच्या दशकात बाजारात दिसू लागली. एअरफिक्सने १९७० मध्ये एकास चोवीसचे स्पिटफायर काढले आणि त्याच दशकात हॅरियरही. हे हॅरियर ब्रिटिश हवाई दलाचे, जमिनीवरून उडणारे. नौदलाच्या सी हॅरियरमध्ये ‘ब्लू फॉक्स’ रडार नाकात बसवले आणि वैमानिकाला बाहेरचे नीट दिसावे म्हणून कॉकपिट सुमारे २८ सेंटीमीटर वर उचलले. एकास बहात्तरमध्ये हा फरक ४ मिलिमीटरचा. एकास चोवीसमध्ये तो सव्वा सेंटीमीटरच्या आसपास जातो. त्या जुन्या संचापासून सी हॅरियर करायचा तर पुढचा भाग कापून, पुट्टी भरून, पॉलिश पेपरने दिवसेंदिवस घासत बसण्याला पर्याय नाही. लहान विमानात जे नजरेआड होते ते मोठ्यात होत नाही. रिव्हेटांच्या ओळी, पत्र्यांचे सांधे, चाकांच्या खोबणीतल्या नळ्या, सगळे मागितले जाते.

रंगाचेही तसेच. दूरची वस्तू हवेमुळे फिकी दिसते, म्हणून लहान विमानावर खऱ्या रंगात थोडा पांढरा मिसळायची रीत आहे. प्रमाण जेवढे मोठे, तेवढा पांढरा कमी. एकास चोवीसला तो इतका थोडा लागतो की मूळ रंग कोणता होता हे नेमके माहीत असावेच लागते. इथूनच दाबोळीची गोष्ट सुरू होते.

दाबोळीची धावपट्टी पोर्तुगीज राजवटीत पन्नासच्या दशकात झाली. १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी भारतीय हवाई दलाच्या १२ कॅनबेरा विमानांनी तिच्यावर बाँब टाकले. इमारतींना धक्का लावायचा नव्हता. त्याच रात्री दोन पोर्तुगीज विमाने उरलेल्या पट्टीवरून निसटली आणि दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. नौदलाचा ‘हंसा’ तळ त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कोइमतूरजवळ सुलूरला सुरू झाला होता. १९६४ मध्ये तो दाबोळीला आला. सोबत ‘विक्रांत’वरची सी हॉक विमाने आली. डिसेंबर १९७१ मध्ये बंगालच्या उपसागरात कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले ते यांनीच.

सी हॉक ब्रिटिश नौदलाच्या रंगात होती: वरून गडद समुद्री करडा, खालून ‘स्काय’. वरून पाहणाऱ्याला ती समुद्रात मिसळावीत आणि खालून पाहणाऱ्याला आकाशात. ‘स्काय’ म्हणजे निळा नव्हे. तो बदकाच्या अंड्याच्या कवचासारखा फिकट हिरवट रंग, आणि त्याची हकीकत मला फार आवडते. युद्धाच्या तोंडावर सिडनी कॉटन हा वैमानिक लंडनजवळच्या हेस्टन विमानतळावर होता. जोधपूरच्या महाराजांचे खासगी विमान तिथून उडाले आणि त्याच्या फिकट हिरव्या रंगामुळे बघता बघता आकाशात नाहीसे झाले, असे सांगतात. कॉटनने तो रंग आपल्या टेहळणी विमानांना दिला, पुढे तोच ब्रिटिश दलांचा ‘स्काय’ झाला. मारवाडच्या महाराजांच्या हौसेचा रंग अशा वळणाने गोव्याच्या किनाऱ्यावर आला. सी हॉकची प्रतिकृती करताना कोणी पोटाला आकाशी निळा फासला की मला म्हणून वाईट वाटते.

आता पांढरा. भारताने सी हॅरियरची मागणी १९७९ मध्ये नोंदवली. तेव्हा ब्रिटिश नौदलाची सी हॅरियर वरून गडद समुद्री करडी आणि खालून पांढरी असत. १९८२ च्या एप्रिलमध्ये फॉकलंड बेटांसाठी युद्ध सुरू झाले आणि ‘हर्मीस’ ही विमानवाहू नौका दक्षिणेकडे निघाली. पांढरे पोट लांबून चमकते हे ओळखून जहाजावरच, प्रवास चालू असताना, माणसांनी हातात ब्रश घेऊन त्या पांढऱ्यावर गडद करडा चढवला. पाठोपाठ गेलेल्या एका तुकडीला फिलिप बार्ली या संशोधकाने सुचवलेला फिका करडा मिळाला. पांढरे पोट ब्रिटिश नौदलात तिथेच संपले.

भारतात मात्र ते त्यानंतर आले. १६ डिसेंबर १९८३ रोजी पहिली तीन सी हॅरियर दाबोळीला उतरली ती त्याच जुन्या रंगात, पांढऱ्या पोटाची. ती ३०० क्रमांकाच्या ‘व्हाइट टायगर्स’ तुकडीची, म्हणून शेपटीवर झेपावणारा पांढरा वाघ. पुढे १९८७ मध्ये ती ‘हर्मीस’च ‘विराट’ होऊन भारतीय नौदलात आली आणि ज्या जहाजावर पांढरा रंग झाकला गेला होता त्याच जहाजावर दाबोळीची विमाने उतरू लागली. नंतरच्या वर्षांत आपल्याकडचाही पांढरा गेला, पोट करडे झाले. इस्रायली रडार आणि डर्बी क्षेपणास्त्रे आली ती या करड्या काळात. ११ मे २०१६ रोजी हंसा तळावर त्यांना निरोप दिला गेला आणि व्हाइट टायगर्सकडे मिग-२९के आली. करड्या पोटाखाली डर्बी लावता येते, पांढऱ्याखाली नाही. एवढी गोष्ट चुकली की बाकी कितीही घासा, विमान कुठल्याच वर्षाचे राहत नाही.

हे सगळे शोधणे गोव्यात राहूनही सोपे नव्हते. दाबोळी लष्करी तळ. धावपट्टीकडे कॅमेरा धरता येत नसे. संचही मिळत नसत. उपभोग्य वस्तूंच्या आयातीवरची बंधने २००१ पर्यंत पुरती उठली नव्हती, त्यामुळे तारवटी, म्हणजे जहाजांवर काम करणारे, घरी येताना बॅगेतून जे आणील तेच. १९९८ मध्ये बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचे विमान संग्रहालय उघडले तेव्हा सी हॉक, आलिझे, सीलँड, फायरफ्लाय ही नौदलाची जुनी विमाने पहिल्यांदा हाताच्या अंतरावर दिसली. चाकांची खोबण, रिव्हेटांची ओळ, पंखाची घडी यांसाठी तिथे पुन्हा पुन्हा जावे. रंगासाठी मात्र त्या विमानांवर विसंबू नये. उघड्यावर, खाऱ्या वाऱ्यात उभ्या पत्र्याला वरचेवर नवा रंग द्यावा लागतो आणि तो जुन्या छटेचाच असेल असे नाही. जुने रंगीत फोटो आणि ब्रिटिश रंगक्रमांक ६४० (तोच गडद समुद्री करडा), हा आधार जास्त भरवशाचा.

रंग देण्याची कला मात्र इथे घरचीच आहे. गणपतीच्या चित्रशाळेत कॉम्प्रेसर लावून पातळ हात कसे चढवायचे, एक सुकल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, हे मी लहानपणी पाहिले ते आखणी करणाऱ्या कारागिरांकडून. फरक पडतो तो मोसमाचा. आषाढ-श्रावणात हवेत एवढी ओल असते की लॅकरमधले थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर बाष्प धरते आणि करड्यावर पांढरी साय येते. ती पुसून जात नाही. म्हणून जोडकाम पावसात करायचे आणि रंग चतुर्थी उलटल्यावर, आभाळ उघडले की.

१९८३ चे विमान करायचे तर पांढरा आधी. पातळ चार-पाच हात, मधे पूर्ण एक दिवस. मग पोटावर मास्किंग टेप, तिची कड नखाने दाबून बसवलेली, आणि वरून गडद करडा. भारतीय विमानांवरची तिरंगी चक्रे त्यानंतर: बाहेर हिरवे, मधे पांढरे, आत केशरी. वाघ सर्वांत शेवटी.