केबिन बॅगेतली औषधं: नियम आले कुठून आणि भरायचं कसं

मुंबईत सहार विमानतळाच्या टर्मिनल २ वर सुरक्षा तपासणीत इन्सुलिन चालतं, पण शेजारची च्यवनप्राशची अर्धी बरणी काढून ठेवावी लागते. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच हवी, पाऱ्याचा थर्मामीटर मात्र तिथे अजिबात नको. वरवर हे मनमानीसारखं वाटतं, पण यातले बहुतेक नियम एखाद्या अपघातातून, कटातून किंवा साध्या रसायनशास्त्रातून आलेले आहेत. कारण ठाऊक असलं की आईवडिलांची तीन महिन्यांची औषधं भरताना काय केबिन बॅगेत ठेवायचं आणि काय चेक-इन बॅगेत, हे पाठ करावं लागत नाही.

८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं, त्या काळी सीटच्या वर टोपी, कोट आणि ब्लँकेट ठेवण्यापुरत्या उघड्या फळ्या असत. झाकणाचे कप्पे १९७० साली बोइंग ७४७ बरोबर आले आणि सामान सोबत घेऊन बसण्याची सवय तिथून वाढली. तपासणी आली ती विमान अपहरणांमुळे. १० सप्टेंबर १९७६ ला दिल्लीहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान पळवलं गेलं, त्यानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान सुरक्षेचा विभाग सुरू झाला. आज आपण त्याला बीसीएएस म्हणतो.

२३ जून १९८५ ला एअर इंडियाचं ‘कनिष्क’ विमान अटलांटिकवर स्फोटाने कोसळलं आणि ३२९ जणांचा जीव गेला. ज्या सुटकेसमध्ये बॉम्ब होता तिचा मालक विमानात बसलाच नव्हता. चेक-इन केलेली प्रत्येक बॅग आणि प्रवासी यांची जोडी जुळवण्याची पद्धत यानंतर कडक झाली. १ एप्रिल १९८७ ला बीसीएएस स्वतंत्र खातं झालं. प्रवासी चढला नाही तर त्याची बॅग शोधून उतरवतात ती या जोडी जुळवण्यामुळेच. मात्र उलटं, म्हणजे प्रवासी पोचला आणि बॅग मागे राहिली, हे आजही घडतं, विशेषतः मधल्या विमानतळावर दीड तासात विमान बदलायचं असेल तर. रक्तदाबाची, थायरॉइडची, अपस्माराची, रक्त पातळ करणारी औषधं चेक-इन बॅगेत ठेवू नका असं आम्ही ठासून सांगतो ते यासाठी. मुक्कामाचे दिवस अधिक एक आठवडा एवढा साठा केबिनमध्येच हवा. अमेरिकेत स्वतःसाठी साधारण ९० दिवसांपर्यंतची औषधं नेता येतात.

द्रवाचा नियम १० ऑगस्ट २००६ चा. शीतपेयांच्या बाटल्यांत हायड्रोजन पेरॉक्साइडचं द्रव स्फोटक भरून अटलांटिकपार जाणारी विमानं उडवण्याचा कट त्या दिवशी ब्रिटिश पोलिसांनी उधळल्याचं जाहीर केलं. पुढचे काही दिवस ब्रिटनमधून निघणाऱ्या प्रवाशांना पारदर्शक पिशवीत पासपोर्ट, पाकीट आणि प्रवासापुरती आवश्यक औषधं एवढंच नेता येई. बाळाचं दूध सोबतच्या मोठ्या माणसाने चाखून दाखवावं लागे. द्रव औषध खरं असल्याची खात्री पटली तरच आत सोडत. डॉक्टरांचं पत्र आणि लेबल लावलेली मूळ बाटली मागण्याची रीत त्या गोंधळाच्या दिवसांत पक्की झाली. ६ नोव्हेंबर २००६ पासून युरोपात १०० मिलीचा नियम लागू झाला आणि मार्च २००७ पर्यंत तो इतर देशांनीही स्वीकारावा असं आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने सांगितलं.

इथे सर्वांत जास्त चूक होते ती मापात. १०० मिली ही बाटलीची क्षमता आहे, आतल्या द्रवाची नव्हे. २०० मिलीच्या बाटलीत तळाला ५० मिली सिरप उरलं असलं तरी ती बाटली मोठीच धरली जाते. १०० मिलीपर्यंतच्या सगळ्या बाटल्या मिळून एक लिटरच्या, तोंड बंद होणाऱ्या पारदर्शक पिशवीत मावल्या पाहिजेत. बाम, मलम, टूथपेस्ट, च्यवनप्राश, तूप हे सगळं यात येतं. डॉक्टरांनी लिहून दिलेलं द्रव औषध १०० मिलीपेक्षा जास्त असलं तरी चालतं, फक्त ते आधीच बाहेर काढून, प्रिस्क्रिप्शनसह ट्रेमध्ये वेगळं ठेवा. नवे स्कॅनर बसल्यामुळे एडिनबर्गसारख्या काही विमानतळांवर २०२५ पासून दोन लिटरपर्यंतचे द्रव चालतात, पण मध्ये कुठे पुन्हा तपासणी असेल तर तिथला जुना नियम लागतो. बॅग भरताना १०० मिलीच धरून चला.

इन्सुलिनचं प्रकरण सविस्तर समजून घ्यायला हवं. गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं, म्हणून ते चेक-इन बॅगेत टाकायचं नाही आणि बर्फाच्या जेल पॅकला थेट चिकटूनही ठेवायचं नाही, मध्ये सुती कापडाची घडी हवी. वापरात असलेलं बहुतेक इन्सुलिन २५ ते ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे टिकतं, तेव्हा विमानातल्या थंडाव्यात त्याची काळजी नाही. खरा धोका ठाण्या-पनवेलहून सहारला येताना ट्रॅफिकमध्ये तापलेल्या डिकीचा. ती पिशवी मांडीवर घ्या. केबिनमधला हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या दाबाएवढा उतरतो. इन्सुलिनच्या पेनला सुई लावलेली राहिली तर आतला बुडबुडा फुगून इन्सुलिन गळतं आणि उतरताना हवा आत शिरते. सुई काढून ठेवा, टोचण्याआधी दोन युनिट हवेत सोडून पाहा.

आपल्याकडच्या १० मिलीच्या कुप्या बहुतांशी यू-४० असतात, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. परदेशात सर्रास यू-१०० चालतं. सिरिंज हरवली आणि तिथे यू-१०० ची सिरिंज विकत घेतली, तर त्यावरच्या २० खुणेपर्यंत आपलं इन्सुलिन भरल्यावर शरीरात जेमतेम ८ युनिट जातात. उलट, तिथलं यू-१०० आपल्या यू-४० सिरिंजमध्ये भरलं तर डोस अडीच पट होतो, आणि तो जीवघेणा ठरू शकतो. म्हणून सिरिंजही कुपीच्या हिशोबाने, राखीव धरून, केबिनमध्येच न्या.

गोळ्यांच्या बाबतीत आपल्या गल्लीतल्या केमिस्टची पट्टी कापून देण्याची पद्धत आड येते. नाव, बॅच आणि मुदत पट्टीच्या एका बाजूला छापलेली असते, कापलेल्या तुकड्यावर काहीच उरत नाही. पूर्ण पट्ट्या आणि बिल मागून घ्या. आठवड्याची डबी सोयीची, पण मूळ पट्ट्या सोबत हव्यातच. प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं जेनेरिक नाव ठळक अक्षरांत लिहून घ्या, कारण ब्रँड परदेशात ओळखत नाहीत आणि नावंही बदलतात. आपलं पॅरासिटामॉल अमेरिकेत अॅसिटामिनोफेन असतं, दम्याचं साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल.

दुबई-अबूधाबीला जाणाऱ्यांनी कोडीनचं खोकल्याचं औषध आणि ट्रॅमाडॉल यांची पूर्वपरवानगी तिथल्या आरोग्य खात्याकडून ऑनलाइन घ्यावी. भारतातही ट्रॅमाडॉल २०१८ पासून अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे. अशी गोळी ज्याच्या नावावर आहे त्याच्याच बॅगेत राहू द्या, नवरा-बायकोत वाटून घेऊ नका. दुबई-अबूधाबीत खसखशीवर बंदी आहे, त्यामुळे घरच्या मसाल्यातही ती नको. सुकं खोबरं तर आपल्याच विमानतळावर अडतं. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून त्याची गणना धोकादायक मालात होते.

पाऱ्याचं कारणही असंच रासायनिक. सांडलेला पारा अॅल्युमिनियमवरचा संरक्षक थर भेदून धातू पोखरतो, आणि विमानाचा सांगाडा बराचसा अॅल्युमिनियमचा असतो. काचेचा थर्मामीटर न्यायचाच तर मजबूत डबीत, चेक-इन बॅगेत. त्यापेक्षा डिजिटल बरा.

लिथियम बॅटरीचं याच्या नेमकं उलट आहे. ती पेटली तर केबिनमध्ये कुणाला तरी दिसते, विमानाच्या पोटातल्या सामानात दिसत नाही. म्हणून पॉवर बँक हातातच आणि १०० वॉट-अवरच्या आत. एमएएच गुणिले ३.७ भागिले १००० हा हिशोब केला तर २०,००० एमएएचची बँक ७४ वॉट-अवरची निघते. २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात गिमहे विमानतळावर एअर बुसानचं विमान जळालं, त्यामागे वरच्या कप्प्यातली पॉवर बँक असावी असा तपासाचा निष्कर्ष आहे. वरच्या कप्प्यात ती ठेवू नये हा आग्रह तेव्हापासून वाढला.

देशांतर्गत विमानात ७ किलोची एकच हातबॅग चालते. विमान भरलेलं असलं की दारातच चाकाची बॅग खाली पाठवायला घेतात, आणि घाईत लोक औषधांसकट देऊन टाकतात. म्हणून औषधं, प्रिस्क्रिप्शन, पॉवर बँक आणि चष्मा एका छोट्या पाऊचमध्ये, बॅगेच्या सगळ्यात वर भरा. बॅग मागितली की आधी पाऊच काढायचा, मग टॅग लावू द्यायचा.