चौथ्या क्रमांकाचा मुलगा

१५ एप्रिल १९१२ च्या पहाटे टायटॅनिक बुडाली आणि सुमारे १,५०० माणसे उत्तर अटलांटिकच्या पाण्यात मरण पावली. दोन दिवसांनी कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरातून ‘मॅके-बेनेट’ हे जहाज मृतदेहांच्या शोधात निघाले. त्याच्या खलाशांना ३०६ मृतदेह सापडले. मृतदेह टिकवण्याची रसायने अपुरी पडल्यामुळे ११६ जणांना समुद्रातच निरोप द्यावा लागला. पहिल्या वर्गाच्या प्रवाशांना त्या वेळी अग्रक्रम मिळाला, हे वाचताना आजही मनाला लागते.

तरीही प्रत्येक मृतदेहाला क्रमांक मिळाला, केसांचा रंग, अंदाजे वय आणि कपडे यांची नोंद झाली व जवळच्या वस्तू त्याच क्रमांकाच्या कापडी पिशवीत ठेवल्या गेल्या. चौथ्या क्रमांकापुढे लिहिले आहे: मुलगा, वय अंदाजे दोन वर्षे, फिकट रंगाचे केस, फरची कॉलर असलेला राखाडी कोट, तपकिरी बूट. त्याला न्यायला कोणीही आले नाही. खलाशांनी स्वतःच्या पैशांतून ‘अज्ञात बालक’ अशा उल्लेखाचा दगड त्याच्यासाठी उभारला.

२००१ मध्ये ते थडगे उघडले, तेव्हा हाडाचा सुमारे सहा सेंटिमीटरचा तुकडा आणि तीन दात एवढेच हाती आले. इतक्या जीर्ण अवशेषांत पेशीकेंद्रकातील डीएनए सहसा टिकत नाही, कारण एका पेशीत त्याच्या दोनच प्रती असतात. मायटोकॉन्ड्रियातील, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या सूक्ष्म घटकांतील, डीएनएच्या मात्र शेकडो प्रती असतात, त्यामुळे एखादी तरी वाचण्याची शक्यता अधिक. शिवाय तो आईकडूनच मुलांकडे येतो, म्हणून मृताच्या आईच्या, आजीच्या वंशातील आजच्या नातेवाइकांशी तो पडताळून पाहता येतो. अडचण अशी की त्याचा छोटासा भागच तपासला, तर एकमेकांशी काहीही नाते नसलेल्या माणसांतही तो तंतोतंत सारखा निघू शकतो.

इथे नेमके तेच घडले. त्या डीएनएचा एक भाग आणि दातांवरून काढलेले वय यांच्या आधारे हा मुलगा १३ महिन्यांचा फिनलंडचा एइनो पानुला असावा, असे ठरले. परंतु मृतांचे कपडे जाळून टाकण्याचा आदेश असताना एका पोलीस सार्जंटला ते इवलेसे बूट जाळवले नव्हते, आणि त्याच्या कुटुंबाने जपलेले ते बूट २००२ मध्ये हॅलिफॅक्सच्या सागरी संग्रहालयात पोहोचले. १३ महिन्यांच्या बाळाच्या मानाने ते मोठे होते. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचे आणखी भाग तपासल्यावर, आई-वडील आणि पाच भावंडांसह बुडालेल्या १९ महिन्यांच्या सिडनी गुडविन या इंग्रज मुलाशी अवशेष जुळले. शास्त्रज्ञांनी ‘बहुधा तोच’ असे सावधपणे म्हटले आहे, आणि एकदा झालेली चूक पाहता तो सावधपणा मला योग्य वाटतो.

ऑगस्ट २००८ मध्ये गुडविन कुटुंबातील नातेवाईक त्या थडग्यापाशी जमले. सर्वच बुडालेल्या मुलांची खूण म्हणून जुना दगड तसाच ठेवायचे ठरले होते. त्या दिवशी अशा सुमारे ५० मुलांची नावे वाचली गेली, आणि प्रत्येक नावासाठी घंटेचा एक टोल देण्यात आला.