वणव्याची हद्द गावाने आखायची

3 डिसेंबर 2003 रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी अमेरिकेतल्या जंगलांविषयीच्या एका कायद्यावर सही केली. भांडण पेटलं ते वृक्षतोडीवरून. कायद्यामागे लाकूड कंपन्यांचा हात आहे असं पर्यावरणवाद्यांचं म्हणणं होतं, आणि ते उडवून लावण्यासारखं नव्हतं. त्या गदारोळात एका तरतुदीकडे कमी लोकांचं लक्ष गेलं. जंगलाकाठच्या गावांनी वणव्यापासून बचावाचा आराखडा स्वतः करावा, आणि धोक्याची हद्द जंगलात कुठवर धरायची तेही गावाने ठरवावं, असं ती सांगत होती.

त्याआधी वणवा हे सरकारचं काम समजलं जाई, आणि त्याचं मूळ 1910 मध्ये आहे. त्या ऑगस्टमध्ये आयडाहो आणि मोंटानात दोनच दिवसांत सुमारे 30 लाख एकर जंगल जळालं. 85 च्या आसपास माणसं गेली, त्यांतली बहुतेक आग विझवायला गेलेली. वनसेवा, म्हणजे अमेरिकेचं केंद्रीय वनखातं, तेव्हा जेमतेम पाच वर्षांची होती. या धक्क्यातून तिने एकच धडा घेतला: प्रत्येक आग विझवायची. 1935 मध्ये तर नियमच झाला की आज दिसलेली आग उद्या सकाळी दहाच्या आत आटोक्यात आली पाहिजे. 1944 पासून वनसेवेच्या जाहिरातींतला टोपीवाला स्मोकी अस्वल पोराबाळांना हेच शिकवू लागला.

कॅलिफोर्नियातले कारुक आणि युरोक हे मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक हंगामात झाडोरा जाळत आले होते. सह्याद्रीत वनखातं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतं, त्यामागचा हिशेब असाच असतो: थोडं आधी जाळलं की मोठी आग अडते. पण गोऱ्या वसाहतवाल्यांना ती जाळपोळ वाटली. 1850 च्या कॅलिफोर्नियाच्या कायद्यात माळ पेटवणाऱ्याला शिक्षा होती. आग लावायला बंदी आणि लागली तर लगेच विझवायची, असं दशकानुदशकं चालल्यावर रानात पाचोळा, वाळली झुडपं आणि दाटीने वाढलेली कोवळी झाडं साठत गेली. दहा वाजताचा नियम 1978 मध्ये सोडून दिला, तोवर त्याच रानात घरंही उभी राहू लागली होती.

घरं नेमकी पेटतात कशी, हे नीट तपासणारा माणूस म्हणजे वनसेवेचे संशोधक जॅक कोहेन. कॅनडाच्या वायव्य प्रदेशात जंगलाचे तुकडे मुद्दाम पेटवून त्यांनी समोर लाकडी भिंती उभ्या केल्या. शेंड्यांवरून धावणाऱ्या ज्वाळांपासून 10 मीटरवरच्या भिंती कधी पेटल्या, 30 मीटरवरच्या पेटल्या नाहीत. मग गावंच्या गावं का जळतात? 2000 साली न्यू मेक्सिकोत वनस्पती कमी करायला मुद्दाम लावलेली आग हाताबाहेर गेली आणि लॉस अलामॉसमधली दोनशेहून अधिक घरं गेली. तिथे कोहेन यांना जळून खाक झालेल्या घरांशेजारी हिरवी झाडं उभी दिसली. घरं गेली होती ती वाऱ्याने उडालेल्या ठिणग्यांमुळे, पन्हाळीत साचलेल्या पाइनच्या सुईसारख्या वाळल्या पानांमुळे, भिंतीला टेकून रचलेल्या सरपणामुळे. म्हणजे बचावाचं निम्मं काम घरमालकाच्या अंगणात होतं, जिथे वनखात्याचा अधिकार चालत नाही.

हे कळूनही बुश यांनी पुढे सही केलेला तो कायदा अडला होता. ऑक्टोबर 2003 मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया पेटलं, एकट्या सीडर वणव्याने 15 बळी घेतले, आणि आगी धुमसत असतानाच सिनेटने 80 विरुद्ध 14 मतांनी विधेयक मंजूर केलं. आराखड्याच्या अटी मोजक्या होत्या: सगळ्यांना बरोबर घेऊन तो करायचा, कुठलं रान आधी विरळ करायचं ते ठरवायचं, आणि घरं पेटू नयेत यासाठीचे उपाय सुचवायचे. स्थानिक सरकार, स्थानिक अग्निशमन दल आणि राज्याचं वनखातं, तिघांची संमती लागते. आराखडा नसेल तर कायदा गावाभोवती साधारण अर्धा मैल, काही ठिकाणी दीड मैलापर्यंत, हद्द धरतो. असेल तर गावाची रेघ चालते, आणि सरकारी जमिनीवरचं काम कुठे आधी व्हावं यात गावाच्या शब्दाला वजन येतं. माझ्या मते कायद्यातली सगळ्यात टिकाऊ गोष्ट हीच.

पण आराखड्याने रस्ता रुंद होत नाही. कॅलिफोर्नियातल्या पॅराडाइझ गावाने 2008 च्या वणव्यात वाहतूक तुंबलेली पाहिली होती. त्यानंतर गावाचे विभाग पाडले, एकेक विभाग क्रमाने रिकामा करायचं ठरवलं, मुख्य रस्त्याच्या सगळ्या मार्गिका बाहेर जाण्यासाठी वापरायची तयारी केली. 8 नोव्हेंबर 2018 च्या सकाळी वीजवाहिनीपासून लागलेली आग काही तासांत गावात घुसली. ठिणग्या सगळीकडे एकदमच पडल्या, त्यामुळे क्रमाला अर्थच उरला नाही. त्या वणव्यात 85 माणसं गेली, बहुतेक वयस्क, आणि 18,000 हून अधिक इमारती जळाल्या.

पैसा त्यानंतर आला. 2021 च्या पायाभूत सुविधा कायद्याने अशा गावांसाठी पाच वर्षांत 100 कोटी डॉलर ठेवले. प्रत्यक्ष कामासाठी पैसे हवे असतील तर गावाचा आराखडा दहा वर्षांपेक्षा जुना नसावा, अशी अट घातली. ज्यांच्याकडे तो नाही किंवा शिळा झालाय, त्यांना तो करून घ्यायलाच अडीच लाख डॉलरपर्यंत अनुदान मागायची सोय केली, आणि गरीब गावांना त्यात अग्रक्रम दिला.